चूक त्याची, मग शांत मी का राहायचे?

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

‘मी ४३ वर्षांची असून एका सहकारी बँकेत अधिकारी आहे. पुण्यात आंबेगावहून बाणेरला रोज बाह्यवळण महामार्गाने गाडी चालवत जाते आणि वाटेत वारज्याला बारा वर्षांच्या मुलाला शाळेत सोडते. तिघांचे डबे करून निघेपर्यंत रोज उशीर होतो, शाळेचे फाटक ७.४० ला बंद होते आणि पती कंपनीच्या बसने साडेसहालाच निघालेले असतात. तीन आठवड्यांपूर्वी नवले पुलाच्या उतारावर एका मोठ्या गाडीचा चालक माझ्या गाडीला अगदी चिकटून सतत डिपर मारत राहिला. मग डावीकडून पुढे येऊन त्याने मला कट मारला आणि समोर येताच मुद्दाम ब्रेक दाबला. मी कशीबशी गाडी सावरली. पण त्यानंतर मला काय झाले कळले नाही, मी त्याच्या मागे लागले. वारज्याजवळ तो सेवा रस्त्यावर उतरला, तशी मीही उतरले, त्याच्या बरोबरीने गाडी नेली, काच खाली केली आणि तोंडाला येईल ते बोलले. बाई गाडी चालवते म्हणून त्याने हे केले, याची मला खात्री आहे. तो हसून निघून गेला. मुलगा त्या दिवसापासून माझ्या शेजारच्या सीटवर बसत नाही आणि रोज निघताना “आज आपण हळू जायचं ना?” असे विचारतो. पती म्हणतात, तू शांत राहायला शीक. चूक त्या माणसाची होती, मग शांत मी का राहायचे? राहायचे म्हटले तरी कसे? पोलिसांकडे तक्रार करून काही होते का? आणि मुलाला आता शाळेच्या व्हॅनने पाठवावे का?’

सप्रेम नमस्कार.

तुमचा पहिला प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन श्वासोच्छ्वासाचे व्यायाम सांगत बसणे मला योग्य वाटत नाही. चूक त्या चालकाचीच होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार धोकादायक रीतीने वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य ओव्हरटेकचा त्या कलमात स्पष्ट उल्लेख आहे आणि पहिल्याच गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितलेली आहे. म्हणजे तुम्हाला जे वाटले तो तुमचा हळवेपणा नव्हता. कायदाही त्या कृत्याकडे तसेच पाहतो. ‘तू शांत राहायला शीक’ हे वाक्य तुम्हाला लागले, ते बहुधा यामुळेच की त्यात त्या माणसाच्या चुकीबद्दल एक अक्षरही नव्हते आणि सगळी सुधारणा तुमच्या वाट्याला आली होती. तुमच्या पतींनी आधी ‘तुला किती भीती वाटली असेल’ असे म्हटले असते, तर पुढचे वाक्य तुम्ही वेगळ्या कानांनी ऐकले असते.

तरीही माझे म्हणणे असे आहे की शांत तुम्हीच राहायचे आहे. त्याला माफ करायचे म्हणून किंवा त्याचे खरे मानायचे म्हणून मी हे सांगत नाही. त्या दोन गाड्यांपैकी ज्या गाडीत तुमचा मुलगा होता, तिच्यावर काय ते नियंत्रण तुमचे होते, एवढे एकच कारण त्यामागे आहे. त्या माणसावर रागावण्याचा तुमचा हक्क अबाधित आहे. तो राग तुम्ही बँकेत पोहोचल्यावर, घरी आल्यावर, तक्रार लिहिताना खुशाल बाळगा. मात्र त्याच्या मागे लागण्यासाठी तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलात, त्या क्षणानंतर रस्त्यावर एकाऐवजी दोन धोकादायक गाड्या झाल्या आणि दुसरीत तुमचे मूल होते. त्यातही तुम्ही दोघे जिथे उतरलात तो सेवा रस्ता होता. सकाळच्या त्या वेळी तिथे शाळेत निघालेली मुले, दूधवाले, रिक्षांची वाट पाहणारी माणसे आणि मुख्यतः दुचाकीस्वार असतात. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. तुमच्या आणि त्याच्या भांडणात ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, तीच माणसे त्या दोन मिनिटांत सर्वांत असुरक्षित होती. हे वाचताना तुम्हाला त्रास होईल याची मला जाणीव आहे, परंतु तुम्ही पत्र लिहिलेत याचाच अर्थ हा विचार तुमच्या मनात आधीच येऊन गेलेला आहे.

आता त्या वेळी नेमके काय घडले ते पाहू, कारण ‘मला काय झाले कळले नाही’ असे तुम्ही म्हणता आणि ते कळणे आवश्यक आहे. तुमच्या वर्णनात राग दुसऱ्या क्रमांकावर येतो. पहिल्या क्रमांकावर भीती आहे. उतारावर मागची गाडी चिकटली, बाजूने अचानक एक गाडी अंगावर आली, समोर ब्रेकचे दिवे लागले आणि शेजारी मुलगा बसलेला होता. अशा वेळी शरीर आपल्याला न विचारता ॲड्रेनलीन सोडते, हृदयाची गती वाढते, स्नायू आवळले जातात, दृष्टी समोरच्या एकाच गोष्टीवर खिळते. हे सर्व जीव वाचवण्यासाठी असते आणि त्याच बळावर तुम्ही गाडी सावरलीत. पण संकट एका क्षणात टळते आणि शरीरातली ती उसळी मात्र लगेच ओसरत नाही, त्याला काही मिनिटे लागतात. भीती वाटली हे स्वतःशी कबूल करणे अवघड असते आणि राग त्या मानाने सोपा असतो, कारण रागाला समोर एक माणूस सापडतो. तुमचा पाठलाग नेमका त्या काही मिनिटांतला आहे. ती मिनिटे कशी घालवायची हे आधी ठरलेले असेल, तर पुढचे बरेच काही टळते.

दुसरी गोष्ट गाडीच्या बंदिस्तपणाची आहे. गर्दीच्या पीएमपी बसमध्ये कोणाचा पाय पायावर पडला, तर तो माणूस वळून पाहतो, ‘सॉरी हं’ म्हणतो, आपणही ‘असू दे’ म्हणतो आणि विषय संपतो. गाडीत बसलेल्या माणसाला चेहरा नसतो. त्याच्याकडे हॉर्न आणि डिपर अशी दोनच साधने असतात आणि त्यांतूनच विनंती, इशारा, घाई, शिवी, आणीबाणी असे सगळे व्यक्त होते. ऐकणारा त्यातला सर्वांत अपमानकारक अर्थ घेतो. हॉर्नचा अर्थ आपल्या शहरांत किती झिजला आहे, हे मुंबई पोलिसांनी २०२० च्या आरंभी एका प्रयोगातून दाखवले होते. सिग्नल लाल असताना हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की सिग्नलची उलटी मोजणी पुन्हा सुरुवातीपासून सुरू व्हायची. सिग्नल लाल आहे हे दिसत असूनही माणसे हॉर्न वाजवतात, म्हणजे तो समोरच्याला काही सांगण्यासाठी वाजवलेला नसतो. सिग्नलला मागून येणाऱ्या हॉर्नचा त्रास करून घेण्याचे, म्हणूनच, कोणतेही कारण मला दिसत नाही.

‘राग अनावर झाला’ असे आपण म्हणतो, त्याबद्दलही थोडे बोलले पाहिजे. १९६८ साली अँथनी डूब आणि ॲलन ग्रॉस या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिग्नल हिरवा झाल्यावरही एक गाडी मुद्दाम जागची हलवायची नाही आणि मागचा चालक किती वेळात हॉर्न वाजवतो ते पाहायचे, अशी त्याची आखणी होती. थांबलेली गाडी कधी नवी आणि महागडी असे, तर कधी जुनी आणि साधी. महागड्या गाडीमागे लोक अधिक वेळ गप्प बसले, जुन्या गाडीमागे त्यांनी लवकर हॉर्न वाजवले. खोळंबा दोन्हीकडे सारखाच होता. याचा अर्थ, चिडलेला माणूसही समोर कोण आहे याचा हिशेब करतो आणि हिशेब करण्याइतकी शुद्ध असेल, तर थांबण्याइतकीही शुद्ध असते. तुम्ही स्वतःलाच विचारून पाहा: त्या मोठ्या गाडीच्या जागी वाळूने भरलेला ट्रक असता, तर तुम्ही त्याच्या मागे लागला असता का? उत्तर ‘नाही’ असे आले, तर ती तुमच्यासाठी चांगली बातमी आहे; थांबण्याची क्षमता तुमच्यात होती आणि आहे.

बाई गाडी चालवते म्हणून त्याने हे केले, असे तुम्ही लिहिता. ते खरे असू शकते. स्त्रियांना रस्त्यावर मुद्दाम छेडले, दटावले आणि कडेला दाबले जाते हे नाकारण्याचे काही कारण नाही. अनेक सल्लागार अशा वेळी सांगतात, की तो माणूस आजारी आईला रुग्णालयात नेत असेल अशी कल्पना करा म्हणजे राग जाईल. मी तसे सांगणार नाही, कारण जे आपल्याला पटत नाही त्याची कल्पना करून मन शांत होत नाही, उलट आपलीच फसवणूक केल्यासारखे वाटते. मला एवढेच दिसते की त्याचा हेतू कळायला मार्ग नव्हता आणि तो कळण्याची गरजही नव्हती. हेतू वाईट असो की नसो, मागे चिकटलेल्या गाडीला वाट देणे हेच दोन्ही परिस्थितींत योग्य होते.

तुमच्या रस्त्यापुरते तर याला आणखी एक ठोस कारण आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा तो लांबलचक उतार तुम्ही रोज पाहता. तिथे झालेल्या अनेक अपघातांत हेच आढळून आले आहे, की इंधन वाचवण्यासाठी अवजड वाहनाचे चालक उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि मग लागत नाहीत. अशा ट्रकच्या चालकाच्या हातात हॉर्न आणि डिपर यांखेरीज काही उरत नाही. आरशात लुकलुकणारे ते दिवे उर्मटाचे आहेत की ब्रेक गेलेल्या ट्रकचे, हे ठरवायला तुमच्याकडे वेळ नसतो. तेव्हा त्या उतारावर कोणीही मागून दिवे दाखवले, तर आरशात पाहून, डावीकडे जागा असल्याची खात्री करून, इंडिकेटर देऊन बाजूला व्हायचे, हा नियम तुम्ही कायमचा करून टाका. मनाला दर वेळी नव्याने मानापमानाचा निवाडा करायला लावू नका.

डावीकडे जायला जागा नसेल, तर? तर मागच्याला धडा शिकवण्यासाठी ब्रेकला पाय लावायचा नाही. पाऊल हळूच वर घेऊन स्वतःच्या आणि पुढच्या गाडीतले अंतर वाढवायचे. हे उलटे वाटेल, परंतु मागचा चिकटलेला असताना पुढे अंतर ठेवले, म्हणजे तुम्हाला अचानक ब्रेक मारावा लागत नाही आणि तो तुमच्यावर आदळण्याची शक्यता कमी होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. आरशातून त्याच्याकडे दोन सेकंद रागाने पाहणे म्हणजे ३३ मीटर रस्ता न पाहता कापणे होय. कोणी ओव्हरटेक करत असताना आपण वेग वाढवून त्याला रोखायचे नाही, हे तर रहदारीच्या नियमांतच लिहिलेले आहे आणि नेमका हाच नियम चांगली चांगली माणसे चिडून मोडतात.

त्याने कट मारला, ब्रेक दाबला आणि तुम्ही वाचलात; इथून पुढची काही मिनिटे शरीर शांत होण्याची आहेत. त्या वेळात करायच्या गोष्टी साध्या आहेत. स्टीअरिंगवर आवळलेली बोटे सैल करा, दातावर दात दाबलेले असतील ते सोडवा, खांदे खाली घ्या आणि नाकाने घेतलेला श्वास घेतला त्याहून सावकाश, दुप्पट वेळ लावून सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून भर सोडण्यावर द्यायचा असतो. त्याच्या चेहऱ्याकडे पाहू नका, हातवारे करू नका आणि काच वरच ठेवा. मुलगा शेजारी असेल, तर मोठ्याने बोला: ‘त्याला जाऊ दे पुढे, आपण आपले सावकाश जाऊ.’ हे वाक्य मुलासाठी असते तितकेच तुमच्यासाठीही असते, कारण जे आपण मोठ्याने बोललो त्याच्या विरुद्ध वागणे माणसाला जड जाते. हात थरथरत असतील, तर पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी बाजूला घ्या, पाणी प्या, चार मिनिटे थांबा आणि मग निघा. महामार्गाच्या कडेला मात्र थांबू नका. ती जागा धोक्याची आहे.

हे सगळे ऐन वेळी आठवत नाही, अशी तक्रार सर्वांचीच असते आणि ती खरी आहे, कारण ऐन वेळी काहीच शिकता येत नाही. अमेरिकेतील कोलोराडो राज्य विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेरी डेफेनबाखर यांनी गाडी चालवताना येणाऱ्या रागाचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९९४ मध्ये तो मोजण्याची एक प्रश्नावलीही तयार केली. त्यांच्या उपचारपद्धतीत माणसाला आधी शांत खोलीत स्नायू सैल करायला शिकवतात, मग त्याला राग येणारा रस्त्यावरचा प्रसंग डोळ्यांसमोर आणायला सांगतात आणि राग चढू लागला की शिकलेल्या रीतीने तो उतरवायला लावतात. अशा सरावाने रस्त्यावरचा राग कमी होतो, असे त्यांना आढळले. तुम्हाला हे घरी करता येईल. रात्री सगळे आवरल्यावर खुर्चीत बसा, डोळे मिटा, तो उतार, आरशातले दिवे आणि समोर आलेली ती गाडी आठवा, हातापायांत ताण येऊ द्या, मग बोटे, जबडा, खांदे या क्रमाने तो सोडवा आणि मनातल्या मनात इंडिकेटर देऊन डावीकडे व्हा. काही आठवडे हे करत राहिलात, तर शरीराला तो क्रम सवयीचा होईल.

अर्थात आक्रमक चालक तुम्हाला रोज भेटत नसेल. रोज भेटतो तो बेफिकीर. सेवा रस्त्यावर उलट दिशेने येणारा दुचाकीवाला, वळणावरच प्रवासी घ्यायला थांबणारी रिक्षा, शाळेच्या फाटकासमोर दुसऱ्या रांगेत गाडी लावून फोनवर बोलणारे पालक. हे तुमच्या वाईटावर नसतात, त्यांच्या मनात तुम्ही असताच कुठे. बऱ्याचदा त्यामागे रस्त्याची रचनाही असते: वळायची सोय दोन किलोमीटर पुढे असली, की माणसे उलटी येतात. त्यांचे वागणे त्यामुळे योग्य ठरत नाही, पण त्यात तुमचा अपमान नाही एवढे नक्की. माझ्या मते या प्रकाराला उत्तम उपाय म्हणजे ते गृहीत धरून निघणे. पंचवीस-पंचवीस वर्षे विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकांचा एसटी महामंडळ सत्कार करते. त्या चालकांच्या वाटेवर काही सज्जनच आलेले नसतात. खड्डा चुकवताना आपण खड्ड्यावर चिडत बसत नाही, तो दिसला की वेग कमी करतो. समोरून उलटा येणारा माणूसही त्यांनी याच रीतीने चुकवलेला असतो.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्याबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, पण पत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच लिहिले आहे. तुम्ही रोज उशिरा निघता. नवले पुलावर तो माणूस भेटण्याआधीच, तिघांचे डबे, मुलाची तयारी आणि ७.४० चे फाटक यांमुळे तुम्ही अर्ध्या चिडलेल्या होतात. घाईत असलेल्या माणसाला रस्त्यावरचा प्रत्येक जण आडवा आल्यासारखा वाटतो. हिशेब केला तर घाईने मिळते ते फार थोडे: आंबेगाव ते बाणेर हे अंतर सोळा किलोमीटर धरले, तर ताशी ४० च्या सरासरीने २४ मिनिटे लागतात आणि ताशी ४८ च्या सरासरीने २०. चार मिनिटांसाठी सबंध रस्ता दात आवळून जायचे. वारज्यापर्यंतच्या निम्म्या वाटेत तर दोनच मिनिटे वाचतात. त्याऐवजी घरातूनच पंधरा मिनिटे लवकर निघता आले, तर रस्त्यावरचा निम्मा ताण तिथेच संपेल.

आणि ती पंधरा मिनिटे तुम्ही एकटीने आणखी लवकर उठून काढावीत, असे मी मुळीच म्हणत नाही. पती साडेसहाला निघतात, म्हणजे ते घरात जागे असतात. रात्री भाजी चिरून ठेवणे, कणीक मळून ठेवणे, सकाळी स्वतःचा डबा स्वतः भरणे, मुलाचे दप्तर आणि गणवेश आदल्या रात्री पाहणे, यांतले काय काय त्यांनी घ्यायचे ते बसून ठरवा. ‘तू शांत राहायला शीक’ असे म्हणणाऱ्या माणसाला ‘त्यासाठी मला सकाळची पंधरा मिनिटे हवी आहेत’ असे सांगण्यात काहीही गैर नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा पत्रांत रस्त्यावरच्या रागाचे मूळ कितीदा तरी स्वयंपाकघरातल्या कामाच्या वाटणीत सापडते आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तक्रारीने काही होते का, हा तुमचा तिसरा प्रश्न. प्रत्येक तक्रारीवर कारवाई होईल अशी खात्री मी देऊ शकत नाही, पण तक्रार जरूर करावी. गाडीचा क्रमांक, जागा, वेळ आणि दिशा एवढे लागते. गाडी चालवताना फोन हातात घेऊन चित्रीकरण करू नका, तो स्वतःच कलम १८४ खालचा गुन्हा आहे. रोज महामार्गाने जाता, तर पुढच्या काचेवर डॅशकॅम बसवून घ्या. त्याचा एक फायदा पुराव्याचा, आणि दुसरा असा की सर्व नोंदले जात आहे हे माहीत असल्यामुळे त्या माणसाला गाठून जाब विचारण्याची ऊर्मी कमी होते. नंतर शांतपणे वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. मात्र एखादा चालक तुमचा पाठलाग करत असेल, गाडी आडवी घालत असेल किंवा खाली उतरून अंगावर येत असेल, तर तो तक्रारीचा नव्हे, आणीबाणीचा प्रसंग समजा. दारे बंद ठेवा, खाली उतरू नका, घराकडे वळू नका, वर्दळीचा पेट्रोल पंप किंवा पोलीस चौकी गाठा आणि ११२ ला फोन करा. तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन काच खाली केलीत, तेव्हा तो हसून निघून गेला. उतरून आला असता, तर तुमच्याजवळ मुलगा होता आणि मदतीला कोणी नव्हते. पुन्हा कधीही हा धोका पत्करू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक सांगून ठेवते. तो राग बँकेतही उतरत नसेल, रात्री झोपताना तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसत असेल, गाडीत बसण्याआधी छाती धडधडत असेल, तर समुपदेशकाला भेटा. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

राहिला तुमचा मुलगा, आणि पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ त्याचीच आहे. तो रोज विचारतो, ‘आज आपण हळू जायचं ना?’ त्याला त्या अनोळखी माणसाची भीती वाटत असेलच. पण त्याहून मोठी भीती बहुधा ही आहे, की जिच्या हातात आपण सुरक्षित असतो ती आई काही मिनिटे ओळखू येईनाशी झाली होती. याबद्दल त्याच्याशी अजून बोलला नसाल, तर या आठवड्यातच बोला. गाडीत नको, घरी, तो जेवून निवांत असेल तेव्हा बोला. ‘त्या दिवशी मी खूप घाबरले, मग चिडले आणि त्याच्या मागे गेले. मागे जाणे चूक होते. तुला भीती वाटली ना?’ इतके पुरे आहे. त्या माणसाच्या चुकांची यादी त्यात आणू नका, कारण ती आली की मुलाला माफीऐवजी समर्थन ऐकू येते. मग तो काय म्हणतो ते ऐका आणि मध्ये बोलू नका. तो काहीच म्हणाला नाही, तरी चालेल. ‘आई चिडली तर मला सांग’ अशी राखणदारी त्याच्यावर टाकू नका. बारा वर्षांच्या मुलाने मोठ्या माणसाच्या रागावर लक्ष ठेवायचे नसते. गाडी कशी चालवायची हे तो शिकवणीच्या वर्गात जाण्याआधी तुमच्या गाडीत बसूनच शिकणार आहे, त्यामुळे पुढच्या वेळी कोणी कट मारला आणि तुम्ही ‘जाऊ दे त्याला’ म्हणून डावीकडे झालात, तर ते पाहायला तो तिथे असणे चांगलेच आहे.

म्हणून व्हॅनचा निर्णय घाईने घेऊ नका आणि एकट्याने तर घेऊच नका. तुम्ही परस्पर व्हॅन लावलीत, तर आपण घाबरलो म्हणून आईने आपल्याला दूर केले, असा अर्थ तो काढू शकतो. पंधरा मिनिटे लवकर निघण्याची सोय झाली, की महिनाभर तशा सकाळी जाऊ द्या. तोवर तो मागच्या सीटवर बसत असेल, तर बसू द्या, पट्टा मात्र तिथेही लावायला सांगा, आणि ‘हळू जायचं ना?’ असे त्याने विचारले, की न रागावता, न हसता ‘हो’ म्हणा. महिन्यानंतर त्यालाच विचारा की तुला माझ्याबरोबर यायला आवडेल की मित्रांबरोबर व्हॅनने. त्याने व्हॅन निवडली, तर वाईट वाटून घेऊ नका, या वयात मुलांना मित्र हवेच असतात. फक्त व्हॅन ठरवण्याआधी एका सकाळी तिच्या चालकाबरोबर त्याच रस्त्याने एक फेरी स्वतः करून या आणि तो नवले पुलाच्या उतारावर गाडी कशी चालवतो ते पाहा.